तीन सारखे टीव्ही आणि एक पेनड्राइव्ह

हॉल १० बाय १६ फुटांचा, टीव्ही लांब भिंतीवर, समोर सोफा. भिंतीपासून भिंतीपर्यंत दहा फूट दिसतात खरे, पण सोफ्याची पाठ आणि बसलेल्या माणसाचं डोकं धरलं की डोळ्यांपासून पडद्यापर्यंत जेमतेम आठ फूट उरतात, म्हणजे २.४४ मीटर. टीव्हीच्या खरेदीतली पहिली मोजणी ही. ठोकताळा असा की पडद्याच्या कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतरावर बसावं. १.२ पटीला सिनेमा थिएटरसारखा अंगावर येतो, १.६ पट रोजच्या बघण्याला सोयीचं. ५५ इंचाचा कर्ण १३९.७ सेंटिमीटर, म्हणजे अंतर १.७ ते २.२ मीटर. ६५ इंचाचा १६५ सेंटिमीटर, म्हणजे २ ते २.६ मीटर. आठ फुटांवर ६५ बरोबर बसतो, ५५ थोडा लहान पडतो.

तरी ५५ वरच थांबलो, आणि ते मालिकांमुळे. घरात संध्याकाळी तीन तास मराठी वाहिन्या चालतात, त्याही सेट-टॉप बॉक्सच्या साध्या एसडी पॅकमधून. एसडी चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, ४के पडदा ३८४० गुणिले २१६० चा. गुणाकार करून बघा, नेमका वीसपट फरक निघतो. एका ठिपक्याच्या जागी वीस ठिपके टीव्हीने आपल्या अंदाजाने भरायचे. पडदा जितका मोठा, तितका तो अंदाज उघडा पडतो: चेहरे मेणाचे, साडीच्या काठाला मुंग्या. एचडी वाहिनी १९२० गुणिले १०८० ची, तिथे फरक फक्त चौपट राहतो. त्यामुळे घरात एचडी पॅक आणि ओटीटीच चालत असेल तर याच हॉलमध्ये ६५ घ्यावा, दोनदा विचार करू नये.

दुसरी मोजणी कोनाची, आणि ती सहसा कुणी करत नाही. आपल्याकडे सगळे सोफ्यावर रांगेत बसत नाहीत. मुलं खाली सतरंजीवर, आजी खिडकीजवळच्या खुर्चीत, कुणीतरी जेवणाच्या टेबलावरून मान वळवून. आजींची खुर्ची टीव्हीच्या मध्यरेषेपासून पाच फूट बाजूला आणि भिंतीपासून सात फूट लांब. हा कोन साधारण ३५ अंशांचा होतो. हा आकडा लिहून ठेवला, कारण पुढे निर्णय त्यावरच अडला.

आता दुकानातले तीन. एकाच कंपनीचे, तिन्ही ५५ इंची, तिन्ही ४के, तिघांच्याही खोक्यावर एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला मोठा फरक दाखवणाऱ्या चित्राची सोय. पहिल्यापेक्षा दुसरा नऊ हजारांनी महाग, दुसऱ्यापेक्षा तिसरा बावीस हजारांनी. "काका, तिन्ही सेमच आहेत, हा वरचा जरा लेटेस्ट," एवढंच उत्तर मिळालं. त्या मुलाची चूक नाही, त्याला दिलेल्या पत्रकात खरोखर एवढंच असतं. ठळक अक्षरात रंगांच्या छटांची अब्जावधींतली संख्या, प्रोसेसरचं भारदस्त नाव, आणि ज्यावर सगळं ठरतं त्या चार गोष्टी बारीक अक्षरात किंवा मुळीच नाहीत. त्या चार म्हणजे पॅनेलची जात, मागच्या दिव्यांची मांडणी, पॅनेलचा खरा वेग आणि रंगांचा पल्ला, म्हणजे पडदा किती भरलेले रंग दाखवू शकतो ते.

आधी 'लेटेस्ट'चा निकाल लावू. मॉडेल क्रमांकात वर्ष लपलेलं असतं. सॅमसंगमध्ये मॉडेलच्या आकड्यानंतरचं अक्षर बघायचं: 'बी' म्हणजे २०२२, 'सी' २०२३, 'डी' २०२४, आणि 'ई' गाळून 'एफ' म्हणजे २०२५. एलजीच्या साध्या ४के टीव्हीत 'यूआर' २०२३ चा, 'यूटी' २०२४ चा, 'यूए' २०२५ चा. त्यांच्या ओलेडमध्ये (ज्यात मागे दिवे नसतात, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) तर आकडाच वर्ष सांगतो, सी३, सी४, सी५. सोनीत 'के' २०२२, 'एल' २०२३, आणि २०२४ पासून ब्राव्हिया ३, ७, ८, ९ अशी नावं आली. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्षही छापलेलं असतं, ते वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. पण मागच्या वर्षीचा वरचा मॉडेल यंदाच्या खालच्या मॉडेलपेक्षा बहुतेक वेळा चांगलाच असतो, म्हणून वर्ष बघायचं ते भाव पाडायला.

ओलेड सोडले तर बाकीचे टीव्ही एलसीडी, आणि त्यांच्या पॅनेलच्या जाती मुख्यतः दोन. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्याच्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) साधारण ३००० ते ६००० ला एक, पण बाजूने बघितलं की चित्र फिकं. आयपीएस (किंवा त्याचाच भाऊ एडीएस) बाजूनेही जवळपास तसाच दिसतो, पण कॉन्ट्रास्ट १००० ला एकच्या आसपास, म्हणजे अंधाऱ्या खोलीत काळ्याच्या जागी करडा. पत्रकात हे लिहिलेलं नसतं. ओळखायची युक्ती सोपी. पांढरं चित्र लावा, मोबाइलचा कॅमेरा पडद्याच्या अगदी जवळ नेऊन मॅक्रोत फोटो काढा. ठिपके बाणाच्या टोकासारखे वाकलेले दिसले तर आयपीएस, सरळ उभे आणि आडवे चिरलेले दिसले तर व्हीए. मॅक्रो नसेल तर काळं चित्र लावून चाळीस-पन्नास अंशांतून बघा, व्हीए लगेच राखाडी होतो.

आणि एक सापळा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत पॅनेल वेगळं असू शकतं. सॅमसंगचा २०२३ चा एस९०सी ५५, ६५ आणि ७७ इंचात क्यूडी-ओलेड (क्वांटम डॉट या रंग शुद्ध करणाऱ्या थराचा ओलेड) होता आणि ८३ इंचात साधा पांढरा ओलेड. साध्या एलसीडी टीव्हींतही ४३ मध्ये आयपीएस आणि ५० मध्ये व्हीए असं चालतं. त्यामुळे ६५ इंचाचं कौतुक वाचून ५५ घेऊ नये. जो आकार घ्यायचा, तोच बघायचा.

मागचे दिवे तीन तऱ्हांनी बसवतात. कडेला पट्टी लावून, ज्याला एज-लिट म्हणतात. पडद्यामागे सगळीकडे पण सगळे एकदम पेटणारे, म्हणजे डायरेक्ट. आणि पडद्यामागे भाग पाडून, प्रत्येक भाग वेगळा मंद होणारा, म्हणजे फुल ॲरे लोकल डिमिंग. मिनी एलईडी ही या शेवटच्याचीच बारीक आवृत्ती, शेकडो ते हजारो भाग. क्यूएलईडी या नावाचा यातल्या कशाशीही संबंध नाही. ते रंग शुद्ध करणाऱ्या क्वांटम डॉटच्या थराचं नाव आहे. सॅमसंगचा क्यू६०सी क्यूएलईडी आहे आणि त्याचे दिवे कडेला आहेत. नावावरून फुल ॲरे समजून घेणारे पुष्कळ.

वेग म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते, हर्ट्झमध्ये मोजलेलं, आणि इथे पत्रकं सगळ्यात जास्त फसवतात. एका कंपनीच्या पत्रकात ५० हर्ट्झ, दुसरीच्या ६०, म्हणून दुसरा वेगवान असं नाही. आपल्याकडची प्रसारणं ५० ची, त्यामुळे काही कंपन्या ५० छापतात. पॅनेल एकाच वर्गातलं. खरा वरचा वर्ग १०० किंवा १२० हर्ट्झचा. 'मोशन' शब्दाच्या पुढे लिहिलेले १२०, २००, २४० हे आकडे सॉफ्टवेअरचे, ते बाजूला ठेवा. काही स्वस्त टीव्ही १२० हर्ट्झ म्हणतात आणि तेवढा वेग गाठताना उभं रिझोल्यूशन अर्ध्यावर आणतात, त्याला डीएलजी म्हणतात. सरळ विचारावं: "४के असताना पॅनेल किती हर्ट्झ?" एचडीएमआय, म्हणजे बॉक्स किंवा कन्सोल जोडायचं पोर्ट, त्यावरचा २.१ चा शिक्काही असाच. २.१ च्या यादीतल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे शिक्का असूनही पोर्ट १८ गिगाबिटचंच असू शकतं. गेमिंग कन्सोलवर ४के १२० हवं असेल तर ते शब्द पत्रकात स्पष्ट लिहिलेले हवेत. घरात कन्सोल नसेल तर हा परिच्छेद विसरा.

हे सगळं लावून बघितल्यावर तिघांची जात उघड झाली. पहिला: आयपीएस, डायरेक्ट दिवे, साधे रंग, ५० हर्ट्झ. दुसरा: तेच पॅनेल, तेच दिवे, फक्त रंगांचा पल्ला मोठा. तिसरा: व्हीए, फुल ॲरे, मोठा पल्ला, १२० हर्ट्झ. अशी उतरंड बऱ्याच कंपन्यांत सापडते. सोनीच्या २०२३ च्या रांगेत एक्स७५एल आणि एक्स८०एल यांच्यातला मुख्य फरक रंगांच्या पल्ल्याचाच, आणि खरी उडी एक्स९०एल ला.

मग पेनड्राइव्ह. ३२ जीबीचा, एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. त्यात पाच गोष्टी: ५, २० आणि ५० टक्के करड्याची सपाट चित्रं, काळ्या पडद्यावर फिरणारा पांढरा चौकोन, हिरव्या मैदानावरून कॅमेरा सरकतो असा क्रिकेटचा तुकडा, एसडीत साठवलेला मालिकेसारखा तुकडा, त्यात चेहरा जवळून आणि जरीची साडी, आणि अंधारातला एक ४के एचडीआर तुकडा. दुकानात मंगळवारी-बुधवारी दुपारी जावं. शनिवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह काढला तर सौजन्याची अपेक्षा करू नये.

लावण्याआधी टीव्ही 'स्टोअर' मोडमधून 'होम' मोडमध्ये आणायचा. दुकानातले टीव्ही 'व्हिव्हिड'वर असतात, पांढऱ्यात निळसर झाक आणि उजेड टोकाला, कारण डोक्यावरच्या ट्यूबलाइटांशी स्पर्धा असते. तिन्ही टीव्ही 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर आणा. पहिल्या मिनिटाला चित्र पिवळट, मेलेलं वाटेल. पाचव्या मिनिटाला डोळा बसतो. तिघांवर एकच मोड नसेल तर तुलना करण्यात अर्थ नाही.

५ टक्के करड्यावर कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड आणि ढग दिसतात. ५० टक्क्यांवर उभे पट्टे आणि मळके डाग, हेच डाग पुढे क्रिकेटमध्ये मैदानावरून कॅमेरा सरकताना धुरकट सावल्यांसारखे दिसतात. थोडे डाग प्रत्येक एलसीडीत असतात, मध्यभागी असतील तर मात्र टीव्ही नको. फिरत्या पांढऱ्या चौकोनाने दिव्यांचे भाग मोजता येतात: चौकोनासोबत उजेडाचा ठोकळा टप्प्याटप्प्याने उड्या मारतो, तितके भाग. पहिल्या दोघांत सगळा पडदा एकदम उजळला, भागच नाहीत. तिसऱ्यात चौकोनाभोवती थोडं वलय, तेवढं चालायचंच. तेच वलय नंतर काळ्या पट्टीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती दिसतं.

एसडी मालिकेच्या तुकड्यावर पहिला आणि दुसरा ओळखता आले नाहीत. तिसऱ्यात जरीचा काठ थोडा शांत. एचडीआर तुकड्यावर दुसऱ्याचे लाल-केशरी रंग पहिल्यापेक्षा भरलेले, पण दोघांतही अंधारातला दिवा नुसता पांढरा ठिपका. एचडीआरला उजेड लागतो. साधारण ३०० निट्सचा (निट हे उजेडाचं माप) पडदा एचडीआरचा संकेत घेतो, पण दिवा दिव्यासारखा पेटवायला त्याच्याकडे ताकद नसते आणि भाग पाडलेले दिवे नसल्याने बाजूचा अंधारही टिकत नाही. तिथे दुसऱ्या टीव्हीचं सगळं गणित कोसळलं. नऊ हजार रंगांसाठी, आणि ते रंग ज्या चित्रात खुलायचे तेच चित्र त्याला पेलत नाही. माझ्या मते अशा रांगेतला मधला मॉडेल हा पहिल्याला स्वस्त आणि तिसऱ्याला जवळचा दाखवण्यासाठी असतो. पहिला घ्यावा किंवा तिसरा.

डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ या एचडीआरच्याच दोन प्रकारांवरून दुकानात फार चर्चा होते. या तिघांत ती सोय सारखीच होती. वेगळ्या कंपन्या तोलत असाल तर लक्षात ठेवा की २०२५ पर्यंतच्या सॅमसंग टीव्हींत डॉल्बी व्हिजन नाही आणि एलजीत एचडीआर१०+ नाही. पण मंद पडद्यावर दोन्ही शिक्के सारखेच निरुपयोगी.

राहिला आजींचा कोन. दुकानात फरश्या मोजून सात फूट मागे, पाच फूट बाजूला उभं राहिलो आणि मग खाली बसलो, कारण खुर्चीतून बघायचं आहे. पहिला तसाच. तिसऱ्याचे रंग विरले, सावळे चेहरे राखाडी. पण काळा भाग अजूनही पहिल्याच्या समोरून दिसणाऱ्या काळ्याहून वाईट नव्हता. खुर्ची दोन फूट आत सरकवली तर कोन २३ अंशांवर येतो, तिथून बघितलं आणि रंग परत आले, म्हणून तिसराच घेतला. टीव्हीला बावीस आणि नऊ हजार जास्त लागले, खुर्चीला काही नाही. जिथे खुर्ची हलणारच नाही, किंवा हॉलच्या दोन्ही टोकांना माणसं बसतात, तिथे मी पहिलाच सुचवेन.

बाकी तपासण्या भराभर. चार एचडीएमआय हवेत, त्यातला एक ईआर्क, तोच साउंडबारला जातो. बहुतेक टीव्हींचे स्पीकर २० वॉटचे आणि खाली तोंड केलेले, संवाद पुटपुटतात. साउंडबारचे पैसे आधीच बाजूला काढा. रॅम २ जीबीपेक्षा कमी नको. वायफाय ५ गिगाहर्ट्झचं हवं. नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिटचा वेग मागतं, त्यामुळे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचा असला तरी पुरतो. वीज: १३० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर वर्षाला २३७ युनिट. दोन मॉडेलांत ४० वॉटचा फरक म्हणजे वर्षाला ७३ युनिट. तेवढ्यासाठी पॅनेल बदलू नये.

भावाचं सांगायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीची एमआरपी छापलेलं खोकं दाखवून "बघा किती डिस्काउंट" म्हणत असतील तर त्यातली कराची कपात वेगळी काढून मोजा. 'नो-कॉस्ट' ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट आधी दिली जाते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी खिशातूनच जाते. आणि वाढीव वॉरंटी घेणार असाल तर एकच ओळ वाचा: पॅनेल त्यात आहे का. पॅनेल गेलं तर त्याचा खर्च टीव्हीच्या किमतीच्या निम्म्याहून वर जातो, बाकी पार्ट त्यापुढे किरकोळ. पाली आणि मुंग्यांनी केलेलं शॉर्टसर्किट बऱ्याच वॉरंटीत बसत नाही. कोकणात किंवा बागेलगतच्या घरात रात्री बटन बंद केल्यावर कोमट टीव्हीच्या मागे पाल हमखास येते. मागची जाळी झाकायची नाही, हवा अडते. भिंतीचा तो भाग स्वच्छ ठेवायचा आणि मागच्या रिकाम्या छिद्रांत प्लास्टिकचे बूच बसवायचे.

घरी आल्यावर खोकं उभंच ठेवायचं, आडवं कधीच नाही. आडव्या पॅनेलचं वजन मध्यावर येतं आणि चीर आतून जाते, बाहेरून काही दिसत नाही. टीव्ही लावून चित्र बघितल्याशिवाय पोचपावतीवर सही नको. टेम्पोवाला घाईत असतो, त्याला चहा द्यावा.

भिंतीवर लावताना दोन चुका ठरलेल्या. पहिली उंचीची. फिटर उभ्याने अंदाज घेतो आणि टीव्ही देव्हाऱ्याच्या उंचीवर जातो. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून सुमारे १०५ सेंटिमीटरवर असतात, पडद्याचा मध्य तिथे हवा. ५५ इंची पडदा ६८.५ सेंटिमीटर उंच, म्हणजे खालची कड जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटरवर. फर्निचरमुळे वर न्यावाच लागला तर झुकणारा ब्रॅकेट घ्या, कारण व्हीए खालून बघितलं तरी फिका पडतो आणि सतरंजीवरची मुलं खालूनच बघतात. दुसरी चूक भिंतीची. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात. ड्रिलमधून लाल भुगा आला तर वीट, पांढरट करडा आणि पिठासारखा आला तर ब्लॉक. ब्लॉकमध्ये साधी प्लास्टिकची गिट्टी काही महिन्यांत ढिली होते, तिथे एएसी साठीचेच अँकर लागतात, तेही चार. मागच्या छिद्रांचं माप, २०० गुणिले २०० मिलिमीटर वगैरे, आणि स्क्रू एम६ की एम८ हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. फिटरच्या पिशवीतला लांब स्क्रू आत घुसला तर पॅनेल मागून फुटतं.

मग सेटिंग. मोड 'सिनेमा', चित्र गुळगुळीत करणारी सोय सिनेमाला बंद, नाहीतर २४ फ्रेमचा सिनेमा मालिकेसारखा दिसतो. क्रिकेटला कमी प्रमाणात चालू. पॉवर सेव्हिंग आणि आपोआप उजेड कमी करणारा सेन्सर बंद. सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट १०८० वर, बॉक्स बऱ्याचदा ५७६ वरच अडकलेला असतो आणि एचडी पॅकचे पैसे भरूनही एसडीच दिसत राहतं. हे सगळं एकेका इनपुटला वेगळं लावावं लागतं, एचडीएमआय १ ला लावलेलं २ ला लागू होईलच असं नाही.

बदलून देण्याची मुदत सात ते दहा दिवसांची असते. त्या आठवड्यात रात्री दिवे घालवून तोच पेनड्राइव्ह पुन्हा लावायचा, कारण दुकानातला नमुना आणि आपल्या खोक्यातला नग यांच्यात डाग वेगळे असतात. तोवर पाच फुटी खोकं थर्मोकोलसकट पलंगामागे उभं राहणार, आणि त्याबद्दल घरात रोज विचारणा होणार.